नेपाळला सेवेला जायचंय, पण तिथल्या मंडळीला विचारलंय का?

वाचकाचं पत्र

आदरणीय मावशी, प्रभूच्या नावात सलाम.

मी २४ वर्षांची, निपाणीजवळच्या एका खेड्यातली. जीएनएम करून बेळगावात एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. पगार १६,००० रुपये. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाची १२ जणांची टीम दसऱ्याच्या सुट्टीत दहा दिवस नेपाळला, धादिंग जिल्ह्यातल्या एका डोंगरी गावात सेवेसाठी जाणार आहे. मेडिकल कँप, मुलांचे कार्यक्रम, एका बालगृहाला भेट आणि घरोघरी पत्रकं वाटणं, असं ठरलंय. टीममध्ये नर्स मी एकटीच, त्यामुळे कँप माझ्यावर सोपवलाय. विमानासकट माणशी ४२,००० खर्च आहे. माझ्याकडे १५,००० साठलेत. आमचे संयोजक दादा म्हणतात, विश्वास असेल तर पैसे उभे राहतात. नाहीतर सोसायटीतून कर्ज काढ, नातेवाइकांना आणि दवाखान्यातल्या लोकांना मदतीची पत्रं लिही. धाकट्या भावाची डिप्लोमाची फी अजून भरायची आहे. आई विड्या वळते. बाबा वखारीत हमाली करायचे, आता त्यांना होत नाही. ते म्हणतात, ‘इथली सेवा संपली काय, म्हणून नेपाळला निघालीस?’ मला उत्तर देता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला हिमालय बघायचीही फार ओढ आहे. त्यानं माझा हेतू खोटा ठरतो का? महिनाअखेरपर्यंत १०,००० आगाऊ भरायचे आहेत. जाऊ का?

— तुमची एक वाचक

उत्तर

बाळ, सलाम.

तू जावंस असं मला मनापासून वाटतं. पण आज जशी आखणी झाली आहे, तशी जाऊ नयेस.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तुमची टीम आहे, संयोजक दादा आहेत, पैसे आहेत, तारखा आहेत. धादिंगच्या त्या गावातल्या मंडळीचा मात्र एका ओळीतही उल्लेख नाही. तिथले पाळक कोण, त्यांनी तुम्हाला बोलावलंय का, बोलावलं असेल तर कशासाठी, मेडिकल कँप हवा असं त्यांनी सांगितलं की ते इथं बेळगावात बसून ठरलं? मला सगळ्यात आधी हेच जाणून घ्यावंसं वाटलं, कारण तुम्ही दहा दिवसांनी परत येणार आहात आणि ती माणसं तिथंच राहणार आहेत.

आपण सीमाभागातले. आपल्याला हे जास्त समजावून सांगायला नको. लांबून कुणीतरी येतो, चौकात जोरात बोलतो, टाळ्या घेतो आणि रात्रीच्या गाडीनं निघून जातो. दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात भाजी घ्यायला, त्याच बसमध्ये चढायला आपण असतो. शेजारचा कन्नड बोलणारा भाऊ आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघत असतो. बोलून गेलेल्या माणसाला त्यातलं काही भोगावं लागत नाही.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठव. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच नद्या पात्र सोडून गावांत शिरल्या होत्या. लोकांनी भरभरून मदत पाठवली, त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. पण चिकोडी, रायबागकडच्या गावांत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते आणि बायका मात्र विचारत होत्या, ‘चिखल काढायला फावडी कुणी देईल काय? पोरांच्या वह्या वाहून गेल्या, त्या मिळतील काय?’ जे लोक आधी सरपंचाला किंवा शाळेच्या बाईंना फोन करून आले, ते वह्या आणि फावडी घेऊन आले. प्रेम दोघांचंही खरंच होतं, पण काहींनी निघण्यापूर्वी विचारलं होतं. तुम्हीही विचारून निघा, एवढंच माझं मागणं आहे.

आता कायद्याचं बोलते. त्याबद्दल तुमच्या टीममध्ये बोलणं झालेलं नसावं असं पत्रकांच्या उल्लेखावरून दिसतं. नेपाळची राज्यघटना २० सप्टेंबर २०१५ ला लागू झाली. तिच्या २६ व्या कलमात प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याची मोकळीक आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याला मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांच्या आत त्याला देशाबाहेर काढायचं, असंही त्यात लिहिलंय. आपण भारतीय असलो, व्हिसा लागत नसला, तरी तिथं आपण परदेशीच. घरोघरी पत्रकं वाटणं, कँपमध्ये औषध घ्यायला आलेल्या आजारी माणसाला धर्माचं पुस्तक हातात देणं, मुलांना खाऊ देऊन गाणी शिकवणं, यातलं काहीही आमिष म्हणून दाखवता येतं.

समज, तक्रार झाली. तुमची टीम गावातून निघून गेली तर पोलीस कुणाकडे जातील? ज्यांच्या अंगणात तुम्ही कँप मांडला त्यांच्याकडे. आपल्याच बेळगावच्या सुवर्णसौधात डिसेंबर २०२१ च्या अधिवेशनात विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं, तेव्हा खेड्यापाड्यातल्या आपल्या छोट्या मंडळ्यांना काय वाटलं ते तू पाहिलं असशील. घरातली साधी प्रार्थनासभासुद्धा लोक दार लावून घेत होते. ती भीती माहीत असलेल्या माणसांनी दुसऱ्याच्या दारात ती नेऊन ठेवू नये. पत्रकं आराखड्यातून काढून टाका. तुमच्या संयोजकांना यात विश्वासाची कमी दिसेल, तर त्यांना ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ या ख्रिस्ती सेवासंस्थेची गोष्ट सांग. १९५४ साली त्यांनी तिथं काम सुरू केलं ते सरकारशी करार करून: दवाखाने चालवू, शिक्षण देऊ, धर्मप्रचार करणार नाही. तानसेनचा त्यांचा दवाखाना तेव्हापासून आजवर रोगी बघतोय. नेपाळमधली मंडळी त्याच काळात नेपाळी लोकांच्या स्वतःच्या साक्षीवर वाढली, आज डोंगराडोंगरात आहे. साक्ष द्यायचं काम त्यांचं आहे आणि ते त्यांना नीट जमतंय.

मेडिकल कँपचं ऐकून मला खरी काळजी वाटली. तू नर्स आहेस, म्हणून स्पष्ट बोलते. तुझी नोंदणी कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलकडे आहे. नेपाळमध्ये वेगळं नर्सिंग कौन्सिल आहे आणि तुझ्या इथल्या नोंदणीवर तिथं इंजेक्शन द्यायचा, औषध वाटायचा अधिकार तुला मिळत नाही. बरोबर डॉक्टर नाही. भाषा येत नाही. उद्या कुणाला रिअ‍ॅक्शन आली तर तुमच्याकडे काय सोय आहे? इथं तुझ्या दवाखान्यात डॉक्टरांच्या सहीशिवाय तू एक गोळीही देत नाहीस. मग धादिंगच्या म्हाताऱ्या बाईला का द्यावीस?

आणि समजा परवानगी मिळाली, तरी विचार कर. रक्तदाब निघालेल्या माणसाला तू पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्यास. सोळाव्या दिवशी काय? त्याला वाटणार, बरं वाटलं, संपलं. किंवा तो त्या रंगाची गोळी बाजारात शोधत फिरणार. साखरेचंही तसंच. अँटिबायोटिकच्या अर्धवट पट्ट्या वाटणं तर आपल्याकडच्या कँपांतही बंद व्हायला हवं, असं माझं जुनं मत आहे.

याचा अर्थ तुझ्या हातातलं कौशल्य तिथं निरुपयोगी आहे असा नाही. उलट टीममध्ये सगळ्यात उपयोगी तूच आहेस. नेपाळच्या गावागावांत सरकारी स्वास्थ्य चौकी असते. १९८८ पासून तिथं महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका आहेत, आपल्याकडच्या आशाताईंसारख्या, गावातल्याच बायका. तिथल्या पाळकांना सांग, की मला चौकीतल्या कर्मचाऱ्यांशी आधी फोनवर बोलायचंय. त्यांना विचार, तुम्हाला कशाची मदत लागेल? कदाचित ते म्हणतील, आमच्या बायकांना गरोदरपणातली धोक्याची लक्षणं पुन्हा एकदा समजावून सांगा. कदाचित म्हणतील, भाजलेल्या जखमेवर काय लावू नये ते सांगा, कारण चुलीच्या घरात पोरं भाजतात. जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी किती आणि कसं द्यायचं, बीपी मोजून कुणाला चौकीत पाठवायचं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची कूस किती वेळानं बदलायची, हे सगळं तू चौकीच्या देखरेखीखाली, दुभाष्या घेऊन, पाच-सहा बायकांसमोर बसून करू शकतेस. तू गेल्यावरही त्या बायका तिथंच असतील. हे नुसतं सांगणं असलं, तरी चौकीला विचारल्याशिवाय हेही करू नकोस.

किंवा ते म्हणतील, कँप नको, आम्हाला भिंत बांधायला माणसं हवीत. २५ एप्रिल २०१५ चा मोठा भूकंप ७.८ रिश्टरच्या आसपासचा होता आणि धादिंग हा सर्वाधिक फटका बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक. तो शनिवार होता आणि वेळ दुपारी बाराच्या आतली. नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी असते, म्हणून मंडळ्या शनिवारी उपासनेला जमतात. किती तरी माणसं त्या घटकेला उपासनेत होती. तिथल्या बायकांच्या बोलण्यात तो शनिवार कधी ना कधी येईल. तेव्हा काही बोलू नकोस, ऐक.

बालगृहाच्या भेटीबद्दल थोडक्यात: ती काढून टाका. नेपाळमधल्या अशा घरांतल्या बऱ्याच मुलांचे आई-वडील जिवंत असतात, पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलं डोंगरातून आणून ठेवली जातात, हे युनिसेफनं आणि तिथल्या सरकारनंही सांगितलेलं आहे. ते एक घर चांगलंही असेल. पण दोन तास मुलांना मांडीवर घेऊन, फोटो काढून, ‘पुढच्या वर्षी येऊ हं’ म्हणून निघून जाणारी माणसं त्या मुलांनी आधीच फार पाहिलीत. मुलांसाठी काही करायचं असेल तर मंडळीच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांबरोबर करा. मुलांसमोर शिक्षक उभे राहू देत, तुम्ही मागं बसा. कुठल्याही मुलाबरोबर तुमच्यातलं कुणी एकटं असणार नाही, हा नियम निघण्यापूर्वी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मुलांचे, घरांचे, उपासनेचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. आपल्याला तो फोटो आनंदाचा वाटतो, पण कलम १५८ लागू असलेल्या देशात तोच कुणाच्या तरी विरुद्ध पुरावा होऊ शकतो.

तारखेचंही सांगते. तुमची दसऱ्याची सुट्टी म्हणजे तिथला दशैं. तो नेपाळचा सगळ्यात मोठा सण, पंधरा दिवसांचा. काठमांडू अर्धं रिकामं होतं, जो तो आपल्या गावी जातो, बसला उभं राहायला जागा नसते, कचेऱ्या बंद. ख्रिस्ती कुटुंबांसाठी तर ते दिवस फार नाजूक असतात. घरातले वडीलधारे कपाळी टिळा लावून आशीर्वाद देतात, ख्रिस्ती झालेला मुलगा किंवा सून तो घेत नाही, आणि घरात वर्षभर टिकणारं दुखणं सुरू होतं. अशा आठवड्यात परदेशी ख्रिस्ती पाहुण्यांची टीम गावात उतरली तर त्या सुनेवर काय ओढवेल? शिवाय पाऊस तेव्हा नुकता सरत असतो. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी याच धादिंगमध्ये दरड कोसळून गाड्या गाडल्या गेल्या, माणसं गेली. तिथल्या पाळकांना तारीख विचारली तर ते बहुधा नोव्हेंबर सुचवतील. तुमच्यातल्या शिक्षकांना मग रजा काढावी लागेल. काढू देत.

पैशांचं तुला फार टोचतंय, ते तुझ्या अक्षरावरूनही दिसलं. कर्ज काढू नकोस. या बाबतीत माझ्या मनात जराही शंका नाही. १६,००० पगाराच्या मुलीनं, भावाची फी थकलेली असताना, दहा दिवसांच्या प्रवासासाठी सोसायटीचा हप्ता गळ्यात अडकवून घेणं याला मी विश्वास म्हणणार नाही. पौल सुवार्ता सांगत फिरला तेव्हा करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरत होता. कुणाला भार व्हायचं नाही याची त्याला किती काळजी होती ते त्याच्या पत्रांत जागोजागी दिसतं. ज्याला विश्वास आहे त्याला हिशेब करायची लाज वाटण्याचं कारण नाही.

मदतीची पत्रं लिहायला हरकत नाही, पण कुणाला लिहायची ते ठरव. मंडळीतल्या ज्या घरांना परवडतं, ज्यांना या सेवेत आनंद आहे, त्यांना लिही. दवाखान्यातल्या तुझ्या हाताखालच्या आयांना, वॉर्डबॉयना लिहू नकोस, त्यांना नाही म्हणता येणार नाही. पत्रात खरं लिही: किती खर्च, त्यातला प्रवासाचा किती, तिथल्या मंडळीसाठी किती. ४२,००० चा तपशील तुझ्या पत्रात नाही. संयोजकांकडून तो मागून घे. संकोचू नकोस. अंत्युखियाच्या मंडळीची वर्गणी यहूदियाला पोचवायला बर्णबा आणि शौल दोघांना पाठवलं होतं, आणि पुढं करिंथकरांना लिहिताना पौल म्हणतो, या रकमेबद्दल कुणी आम्हाला बोल लावू नये म्हणून आम्ही जपतो. पौलाला जे जपावं लागलं ते तरुण संघालाही जपायला हवं.

बारा जणांचे प्रत्येकी ४२,००० म्हणजे ५,०४,००० रुपये होतात. त्यातला फार मोठा वाटा विमान कंपनीला जाणार. विमानाशिवायही जाता येतं. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसनं दीड दिवसात दिल्ली, तिथून गोरखपूर, पुढं सोनौलीची सीमा. सोनौलीहून नारायणगढ, मुग्लिंगमार्गे काठमांडूला जाणारा रस्ता धादिंग जिल्ह्यातूनच जातो, म्हणजे काठमांडूपर्यंत जायचीही गरज नाही. जाता-येता बरेच दिवस मोडतील हे खरं, रजेचा प्रश्न येईल. पण बारा जणांऐवजी सहाच जण गेले, रेल्वेनं गेले आणि दोन आठवडे राहिले, तर तिथल्या मंडळीवर स्वयंपाकाचा भारही निम्मा होतो. बारा पाहुण्यांना दहा दिवस जेवू घालणं म्हणजे काय, हे डोंगरातल्या घरात पाणी भरणाऱ्या बाईला विचार. मला विचारशील तर सहा माणसं पुष्कळ झाली, आणि त्यात एक तरी वायरिंग किंवा गवंडीकाम येणारा असावा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणारी तुमची पोरं आहेत ना मंडळीत? त्यांना विचारलंय का कुणी?

तिथं पैसे द्यायचे असतील तर एका माणसाच्या हातात देऊ नका, पाळक असले तरी. मंडळीच्या पंचांसमोर द्या, पावती घ्या. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा पडतो. आपल्या मंडळीच्या ट्रस्टमधून रक्कम देशाबाहेर जाणार असेल तर ट्रस्टच्या सीएंना आधी विचारा, त्याला नियम आहेत. आणि कुणा एका घराला गुपचूप पाकीट देऊ नका. तुम्ही निघाल्यावर त्या पाकिटावरून मंडळीत जे होतं ते मिटवायला तुम्ही तिथं नसाल.

आता बाबांबद्दल. ‘इथली सेवा संपली काय?’ हा प्रश्न त्यांनी रागानं विचारला असेल, पण तो अगदी योग्य आहे, आणि त्याचं उत्तर तोंडानं देऊन चालायचं नाही. आपल्या जिल्ह्यात ऊसतोड सुरू झाली की कारखान्यांच्या आसपास पालं पडतात. बायका आठव्या महिन्यातही कोयता चालवतात, पोरं उसाच्या फडात असतात. तुझ्या आईसारख्या विड्या वळणाऱ्या बायकांच्या पाठी आणि छाती तुला माहीतच आहेत. आणि नेपाळ म्हणशील तर तोही इथं आहे. रात्री गल्लीत काठी आपटत फिरणारा गुरखा, हॉटेलच्या मागच्या बाजूला भांडी घासणारी, मोमो वळणारी पोरं, त्यांतले बरेच जण तिकडचेच. त्यांना ताप आला तर ते कुणाकडे जातात, कधी विचारलंस? टीममधल्या सगळ्यांनी निघायच्या आधी दोन-तीन महिने, महिन्यातून दोन रविवार तरी या भावांकडे जायला हवं. त्यांच्याकडूनच थोडी नेपाळी शिका. लिपी आपलीच असल्यामुळे वाचायला जमतं, बोलायला मात्र शिकावं लागतं. त्यातल्या एखाद्याचं घर धादिंगच्या बाजूला निघालं तर त्याच्या आईचा निरोपही तुम्ही आणाल. असं तुम्ही केलंत की बाबांना वेगळं उत्तर द्यायची गरज पडणार नाही. त्यांनाही एखाद्या रविवारी बरोबर घेऊन जा. आयुष्यभर ओझी उचललेल्या माणसाला लांब घर सोडून आलेल्या पोरांशी काय बोलायचं ते तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मग इथंच का करू नये, नेपाळला जायचंच कशाला, असं तू विचारशील. कारण मंडळी ही एका गावाची नसते. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात आले, म्हणून इथं शाळा झाल्या, उपासना सुरू झाली. डॉ. वॉनलेस १८८९ साली भारतात आले, मिरजेत त्यांनी दवाखाना उभा केला आणि १९२८ पर्यंत ते तिथं राहिले. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतल्या मुली तिथं नर्सिंग शिकल्या. बाहेरून आलेल्यांचं आपण घेतलं, तर आपणही बाहेर जावं, हे मला पटतं. पण ही माणसं राहायला आली होती. भाषा शिकली, इथल्या उन्हात आजारी पडली, काहींनी आपली मुलं इथंच पुरली. दहा दिवसांत आपण ते करू शकत नाही, म्हणून दहा दिवसांच्या पाहुण्यानं राहणाऱ्यांच्या हाताखाली काम करावं. त्यांच्या मंडळीत जाऊन ‘जय मसीह’ म्हणावं, वाढलेलं जेवावं, लूकच्या सुवार्तेत प्रभूनं सत्तर जणांना सांगितलं तसं, आणि सांगतील ते करावं. तुमच्यातल्या कुणालाही उपदेश करायची घाई नसावी.

हिमालय बघायची ओढ वाटते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. देवानं केलेले डोंगर बघून आनंद व्हावा म्हणूनच ते केलेत, असं मी मानते. हेतू खोटा ठरेल तो तेव्हा, जेव्हा पोखऱ्याला दोन दिवस फिरायचा खर्च लोकांनी सेवेसाठी दिलेल्या पैशांतून होईल आणि अहवालात ‘विश्रांती’ म्हणून लिहिला जाईल. ते दोन दिवस वेगळे ठेवा, ज्यानं-त्यानं आपल्या खिशातून भरावेत. परत आल्यावर मंडळीसमोर तेही सांगावं. लोकांना आवडतं ऐकायला.

राहिलेल्या गोष्टी पटकन सांगते. टीममध्ये किमान तीन-चार बायका असाव्यात, झोपायची सोय कुठं आणि कुणाकडे ते आधी कळावं, आणि कुणी गैर वागलं तर संयोजकांना सोडून आणखी एका व्यक्तीला सांगता यावं. ती व्यक्ती बेळगावातच असलेली बरी. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट घे. विमानानं गेलात तर मोठ्या माणसाला आधारवर जाता येत नाही. टायफॉइडची लस घे, पाणी उकळून पी. काठमांडूत अचानक काही घडलं तर अडकून पडायला होतं. सप्टेंबर २०२५ च्या आंदोलनात विमानतळच बंद झाला होता. म्हणून दोन दिवसांची जादा रजा आणि थोडे जादा पैसे हाताशी ठेव. आणि भेट म्हणून कुंदा नेऊ नकोस, रेल्वेत टिकणार नाही. गोकाकचं करदंट ने.

महिनाअखेरच्या १०,००० बद्दल असं कर. या आठवड्यात संयोजक दादांकडे तीन गोष्टी माग: तिथल्या पाळकांचा नंबर, खर्चाचा तपशील, आणि आपल्या पाळकसाहेबांसमोर टीमची एक बैठक. बैठकीआधी दादांशी एकटीनं बोल, सगळ्यांदेखत त्यांना अडचणीत आणू नकोस. त्यांची तळमळ खरी आहे असं तुझ्या पत्रावरून वाटतं, कदाचित त्यांना कलम १५८ बद्दल आणि दशैंबद्दल कुणी सांगितलंच नसेल. मग धादिंगला फोन कर, हिंदीत बोललीस तरी चालेल, आणि विचार, ‘आम्ही यावं का, कधी यावं, आणि काय करावं?’ उत्तर ऐकताना ते भिडेखातर हो म्हणतायत का तेही बघ. म्हणून ‘या वर्षी आलो नाही तर काही अडेल का?’ हेही विचार.

त्यांनी तारीख बदलून, काम सांगून बोलावलं, आणि पत्रकं, औषधवाटप, बालगृह आराखड्यातून गेलं, तर तुझ्या साठलेल्या १५,००० मधून दहा भर. रेल्वेनं गेलात तर बाकीची रक्कम फार मोठी राहणार नाही, ती मंडळीकडून उभी राहील. मात्र त्याआधी भावाच्या फीची तारीख बघ. ती महिनाअखेरच्या आत असेल तर ते १५,००० आधी त्याच्या कॉलेजात भर आणि संयोजकांना तसं सांग. त्यांनी आराखडा बदलायला नकार दिला, तर या टीमबरोबर जाऊ नकोस. तिथल्या स्वास्थ्य चौकीचा नंबर मात्र मिळवून ठेव आणि पुढच्या वर्षीच्या सुट्टीसाठी आत्ताच मेट्रनकडे अर्ज दे.

— मावशी